उताण्या बेडकांचा जाणकार

तीस वर्षं मी अमळनेरात प्राणिशास्त्र शिकवलं. तरी मला बेडूक ठाऊक तो उताणा, ट्रेमध्ये टाचण्यांनी खिळलेला. निवृत्तीनंतर पंख्याखाली उताणं पडायची पाळी माझ्यावर आली. त्यात आमच्या मक्यावर अमेरिकन लष्करी अळी पडली. काही वर्षांतच ही परदेशी पाहुणी खानदेशभर हातपाय पसरून बसली आहे. म्हटलं, आता आपली विद्या कामी येणार!

विहिरीकाठचे पंचवीस बेडूक धरून मी मक्यात सोडले. बायको, बेबाबाई, मक्याच्या पोंग्यापोंग्यात, शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, चुलीची राख टाकत होती. ते बंद करवलं. "बेडूक कातडीनं श्वास घेतो, गुदमरेल बिचारा," असं ठणकावलं. ती "बरं" म्हणाली.

आठवडाभरानं शेजाऱ्यांच्या मक्याची चाळणी झाली होती, आमचा मात्र हिरवागार. मग काय, माझ्या तोंडाला कुलूप लागेना. बेडूक डोळे आत ओढून घास खाली ढकलतो, जुनी कातडी काढून स्वतःच खातो, हे मी पारावर रोज हसत-हसत सांगू लागलो. शेवटी जितेंद्र, आमचा कृषी सहायक, शनिवारी वीस शेतकरी घेऊन यायचा ठरला. माझा व्हिडिओ तालुकाभर जाणार होता.

शनिवारी ते यायच्या आधी मी सहज एक पोंगा उघडला. आत राख, राखेत मेलेली अळी. दुसऱ्यात, दहाव्यातही तेच. बेडूक केव्हाच विहिरीकडे परतले होते. अळी वर पोंग्यात आणि बेडूक खाली जमिनीवर, एवढं पाचवीतल्या पोराला कळलं असतं! मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बोला सर," फोन धरून जितेंद्र म्हणाला. मी गप्प राहिलो असतो, तर वीस जणांनी बाकी उपाय सोडून बेडूक धरले असते आणि वीस जणांचा मका गेला असता.

"बेडकांनी काही केलं नाही," एक पोंगा उघडून बेबाबाईकडे बोट दाखवत मी म्हणालो. "ही राख हिची आहे. मी दुपारी घोरत असताना टाकलेली."

सगळे खो-खो हसले. फोन बेबाबाईकडे वळला आणि तिनं राख चाळून कशी टाकायची ते नीट सांगितलं.

ते गेल्यावर मी चिडून विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"रिटायर व्हयनात तवयपाईन तुमी पयलांदाच हासताना दिखनात," ती म्हणाली. "मी कशी सांगू?"