पोत्याची तब्येत स्थिर

तेलाच्या त्या डेपोत सेफ्टी मॅनेजरला सगळे पाठीमागे 'सातमिनिटे' म्हणायचे. कारण आणीबाणीचा प्रत्येक सराव तिथे बरोब्बर सात मिनिटांत संपायचा. सायरन, पळापळ, जखमी, स्ट्रेचर, हजेरी, सगळं सात मिनिटांत. मग अर्धी माणसं संडासात का असेनात. यामागची जादू अशी, की हजेरीचा कागद सकाळी नऊलाच भरून तयार असायचा. एकशे बेचाळीस नावं, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. माणसांनी फक्त कागदाला शोभेल असं वागायचं.

या नाटकात जखमीचं काम अकरा वर्षं फिटरकडे होतं. अंगाने काटकुळा, उचलायला सोपा. पंपहाउसच्या दारात आडवं पडायचं, कण्हायचं, चौघांनी उचलून सगळ्यांनी जमायच्या असेंब्ली पॉइंटवर नेलं की कंपनीचा डॉक्टर हात न लावता 'तब्येत स्थिर' म्हणायचा. पन्नाशी आली तरी फिटरची खोड गेली नव्हती. एकदा त्याने मरता मरता स्ट्रेचरवरून चहा मागवला होता. डॉक्टर तेव्हाही 'स्थिर'च म्हणाला.

या वेळी मात्र चेष्टा नुसती चेष्टा नव्हती. दोन महिन्यांपूर्वी डेपोत खरी गळती झाली, तेव्हा फिटरचा साडू पंपहाउसमध्ये होता. कागद भरलेला, सातव्या मिनिटाला 'सगळे बाहेर' जाहीर, मग आत बघायला कोण जातंय? साडू पंचवीस मिनिटांनी स्वतःच रांगत बाहेर आला. तेलाच्या वाफा छातीत गेल्या, तेव्हापासून त्याचा आवाज फुटक्या भोंग्यासारखा. आणि सातमिनिटेंनी चौकशीत काय लिहावं? 'कामगार हजेरी देऊन डबा आणायला परत आत गेला.' शिस्तभंग. अहवाल मुख्य कचेरीतही पोचला होता आणि सोमवारी त्याला कामावरून काढायचं पत्र निघणार होतं.

"डबा!" साडू घोगऱ्या आवाजात म्हणाला होता. "साडूभाऊ, बावीस वर्षं कँटीनमध्ये जेवतोय मी. डबा आहे कुठे माझ्याकडे?"

"कागदावर आहे ना," फिटर म्हणाला. "आता तो चाटूनपुसून खा."

बायको मात्र हसली नाही. "जन्मभर टवाळक्या केल्यात. एक तरी माझ्या बहिणीच्या संसाराच्या कामी येऊ द्या."

शुक्रवारी सराव होता. बघायला मुख्य कचेरीतून तपासनीस बाई आल्या होत्या. सातमिनिटे इस्त्रीची कडक घडी पाडलेल्या बॉयलर सूटमध्ये, गळ्यात स्टॉपवॉच, कमरेला वॉकीटॉकी. आग विझवायला नव्हे, आगीच्या लग्नाला निघाल्यासारखे.

अकराला सायरन वाजला. फिटर आपल्या जागी आडवा झालाच नाही. सरावापुरत्या बंद ठेवलेल्या पंपहाउसमध्ये जाऊन, बादली उपडी घालून तिच्यावर ठिय्या मारून बसला आणि खिडकीच्या जाळीतून बघू लागला.

स्ट्रेचरवाले चौघं धावत आले. जखमी नाही.

"मेला कुठे हा?"

"आत बघायचं का?"

"डोकं फिरलंय? चौथं मिनिट चालू आहे. साहेब आपल्यालाच जखमी करतील!"

फिटरला वाटलं होतं, हे रिकामं स्ट्रेचर घेऊन जातील. पण गाढवांच्या अकलेबद्दल त्याचा अंदाज जरा जास्तच होता. सांडलेल्या तेलावर टाकायला भिंतीशी वाळूची पोती रचलेली होती. चौघांनी त्यातली दोन उचलून स्ट्रेचरवर लांबीने ठेवली, वरून चादर घातली आणि धूम ठोकली. एकाने तर जाता जाता पोत्याला धीरही दिला, "घाबरू नकोस!"

फिटरने तोंडात बोळा कोंबून हसू दाबलं.

समोरच्या असेंब्ली पॉइंटवर डॉक्टर वाकला, चादरीकडे बघितलं, ताठ झाला. "तब्येत स्थिर."

"एकशे बेचाळीसपैकी एकशे बेचाळीस हजर," सातमिनिटेंनी घोषणा केली आणि स्टॉपवॉच बाईंच्या नाकापुढे धरलं. "सात मिनिटं, मॅडम."

फिटरने खिशातून आपला वॉकीटॉकी काढून बटण दाबलं. सातमिनिटेंच्या कमरेतून आवाज आला, "साहेब, जखमी बोलतोय."

एकशे एक्केचाळीस माना त्यांच्या कमरेकडे वळल्या.

"मी अजून पंपहाउसमध्येच आहे. स्ट्रेचरवर जो कोण आहे, त्याला माझा नमस्कार सांगा."

बाईंनी चादर ओढली. बघितलं. मग डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टर आभाळ न्याहाळू लागला.

"हे स्थिर आहे खरं," बाई म्हणाल्या.

सातमिनिटे वॉकीटॉकीवर खेकसले, "बाहेर ये आधी, हरामखोर!"

"घाई काय आहे? माझा साडू पंचवीस मिनिटं आत होता. माझी अजून सतरा बाकी आहेत. कुणी शोधायला येणार असेल तर यावं."

कुणी हललं नाही. बाईंनी हजेरीचा कागद हातात घेतला. "या खुणा कोण करतं?"

हजेरीचा कारकून पुढे सरकला. "मीच, मॅडम. सकाळी नऊला."

"आजच?"

"नेहमीच." त्याने सातमिनिटेंकडे बघायचं टाळलं. "गळतीच्या दिवशीसुद्धा. साहेबांचा हुकूम होता."

बाई कुणाला न विचारता पंपहाउसकडे चालू लागल्या. अकरा वर्षांत जखमीला शोधायला पहिल्यांदाच कुणीतरी निघालं होतं. दार ढकललं, तर फिटर बादलीवरून सलाम ठोकून उभा.

"जागा का सोडलीत?"

"डबा आणायला परत आलो होतो, मॅडम."

बाईंनी रिकाम्या खोलीवरून नजर फिरवली. पंप, पाइप, बादली. "सापडला?"

"नाही. साडूचापण नाही सापडायचा. कँटीनमध्ये विचारा, बावीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे तो."

एवढ्यात धापा टाकत सातमिनिटे दारात पोचले. बाईंनी हात पुढे केला. "सोमवारचं ते पत्र माझ्याकडे द्या. ते निघणार नाही. आणि गळतीच्या दिवसाचा हजेरीचा कागदही द्या."

"मॅडम, तो माणूस स्वतःच परत—"

"कागद द्या."

सातमिनिटेंच्या छातीवर स्टॉपवॉच अजून टिकटिकत होतं. फिटरने वाकून आकडा वाचला.

"एकोणीस मिनिटं झाली, साहेब. बंद करा आता. आणि त्या पोत्यांना कुणीतरी चहा पाजा, मघापासून उन्हात पडलीत बिचारी."