वर्षभराची मशेरी

ऑपरेशन झाल्यापासून दर दोन महिन्यांनी स्वप्ना सासूला तपासणीसाठी ओरोसच्या सरकारी इस्पितळात आणत होती. गालाचा कॅन्सर कापून काढल्यावर आनंदीआईंचं बोलणं असं अस्पष्ट झालं होतं, की ते एकट्या सुनेलाच कळायचं. नवरा मितेश मुंबईला. फोनवरून काळजी करायला त्याला कोण अडवणार! दोन एसट्या बदलायच्या, केसपेपर काढायचा, बाकावर ताटकळायचं आणि डॉक्टरीणबाईंना सासूचं बोलणं उलगडून सांगायचं, हे सगळं स्वप्नाच्या वाट्याला. ती थकली होती, आणि आताशा थकल्याची लाजही वाटेनाशी झाली होती.

या खेपेला डॉक्टरीणबाई आईंच्या तोंडात जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. हिरडीजवळ पांढरा चट्टा होता.

"आजी, तंबाखू खाता का?" हे त्या दर खेपेला विचारत.

"नाय गो बाय. वर्स झाला, हात लावूक नाय," आई म्हणाल्या. स्वप्नाने ते सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. पानतंबाखूची चंची तिनेच चुलीत घातली होती.

"मग दात कशाने घासता?"

"मशेरीन," आई म्हणाल्या, आणि वर कौतुकाने, "सून भाजून देता. बारीक, काळी कुळकुळीत!"

"मशेरीने," स्वप्ना म्हणाली, आणि तिथेच तिची जीभ अडखळली. बाजारातून तंबाखूची पानं आणायची, तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरायची. वर्षभर हे तिच्याच हातांनी केलं होतं. खायचा तो तंबाखू, घासायची ती मशेरी. दोन्ही एकच, हे घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. निकालाला आठ दिवस लागणार होते.

"कॅन्सर परत आलेला नाही," नवव्या दिवशी बाई म्हणाल्या. "पण चट्टा चांगला नाही. मशेरी आजपासून बंद. आणि आता दर महिन्याला यायचं." स्वप्नाला रडूच कोसळलं. रडतारडताच ती दर महिन्याच्या एसट्या मोजू लागली.

संध्याकाळी मितेशचा फोन आला. स्वप्नाने स्पीकर लावून सगळं सांगितलं. ऐकून तो भडकलाच. "पण मशेरी तिका दिल्यान कोणी?"

स्वप्नाने तोंड उघडायच्या आत आईंनी फोन ओढून घेतला. "मीच भाजत होतंय रे, लपान. तिका म्हायत नाय," त्या जीव तोडून म्हणाल्या.

"आये, माका कळना नाय. स्वप्ना, काय म्हणता गो ती?"

आई डोळे वटारून बघत होत्या. वर्षभरात स्वप्नाने त्यांचा एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता.

"मशेरी स्वप्नान भाजल्यान, म्हणतत," ती म्हणाली.