मागे बघणारी जागा

मित्रांनो, मी एक जुनी बोट आहे. पण बोट म्हटल्याबरोबर जाळी आणि मासळी डोळ्यांपुढे आणू नका, मासळीच्या वासाने मला आजही कसंसंच होतं. मी स्कीची बोट. माझ्या पोटात मधोमध इंजिन आहे आणि त्याच्यापुढे एक लोखंडी खांब. त्या खांबाला बांधलेला दोर धरून, पायांत लांब फळ्या चढवून माणूस पाण्यावरून माझ्यामागे सुसाट येतो. माझं अंग फायबरचं, आतला सांगाडा लाकडाचा. साच्यातून निघाले तेव्हा कारागिरांनी मला इतकं घासलं होतं, की एकाने माझ्या अंगात बघून भांग पाडला. तेव्हापासून मला थोडा तोरा आहे, तो मी लपवत नाही.

मला विकत घेतलं एका घड्याळजींनी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा हा माणूस, सुट्टीच्या दिवशी माझं चाक हातात आलं की निराळाच व्हायचा. दोराच्या टोकाला त्यांची मुलगी असायची. पाण्यावर गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आणि घड्याळजींच्या शेजारी, तोंड मागे करून, भिंगरीची आई बसायची. चालवणाऱ्याने पुढे बघायचं आणि दोर धरणाऱ्यावर दुसऱ्या कुणीतरी नजर ठेवायची, अशी या खेळाची रीत आहे.

माझ्या इंजिनाचा आवाज असा, की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येऊ नये. म्हणून त्या नवरा-बायकोने आपली एक भाषा ठरवली होती. खांद्यावर एक थाप म्हणजे जोरात घ्या. दोन थापा म्हणजे पोरगी पडली, वळा. एरवी आवाज न चढवणारी ती बाई माझ्यात बसली की नवऱ्याला खुशाल धपाटे घालायची, आणि तोही हसत हसत चाक वळवायचा. काय दिवस होते ते!

मग घड्याळजी गेले. भिंगरी लग्न होऊन आधीच दूर गेली होती. मला एका शेडमध्ये लोटलं, वर ताडपत्री टाकली आणि सगळे विसरले. फाटक्या ताडपत्रीतून पाणी आत यायचं, तळात साचायचं. उंदरांनी माझ्या गाद्यांमध्ये संसार थाटले. आई एकदाच आली. माझ्या कडेवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

बऱ्याच वर्षांनी भिंगरी आणि तिचा नवरा आईजवळ राहायला आले. नवरा फर्निचर बनवणारा, हाताचा पक्का. त्याने माझ्या तळावर हातोडी वाजवली, भद्द आवाज आला आणि त्याने कपाळाला हात लावला. मग त्याने तळ उखडला. खालचा फोम भिजून गच्च झाला होता आणि लाकडाचा भुगा झाला होता. त्याने नवे वासे घातले, वर फायबर चढवलं, घासून घासून मला गुळगुळीत केलं. खोटं कशाला बोलू, जावई मला आवडला.

पण बसायच्या जागा ठरवायची वेळ आली आणि माझं धाबं दणाणलं. त्याने शेडच्या जमिनीवर खडूने माझा आकार काढला आणि बसून बघण्यासाठी पालथ्या बादल्या आणि रंगाचे डबे मांडले. सवयीचा माणूस, त्याने चक्क दिवाणखाना मांडला! खडूनेच समोरासमोर दोन लांब सोफे आखले, मध्ये टेबल. टेबलाच्या आड माझा खांब येत होता, तर तो कापून टाकू म्हणाला. स्की आता कोण करतंय, असं त्याचं म्हणणं. भिंगरी खांबाकडे बघत राहिली. आईला तर त्याने बादलीच ठेवली नव्हती. तुमच्या पाठीला हिसके बसतील, तुम्ही काठावर खुर्ची टाकून निवांत बसा, असं त्याने मायेनेच सांगितलं. आई नुसतं "बरं" म्हणाली.

खांब गेला की मी पाण्यावरचा सोफा होणार होते, आणि आई कायमची काठावर. मला ओरडावंसं वाटत होतं, पण बोटीला तोंड कुठे असतं?

करवत आणायला जावई उठला, तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिने ट्रे टेकवला, एक रिकामी बादली चालवणाऱ्याची जागा म्हणून ठेवलेल्या डब्याशेजारी ओढली आणि खडूच्या बोटीत बसली. तोंड मागे करून.

जावई हसला. "आई, तोंड पुढे करा. बोट त्या बाजूला जाणार आहे."

"मी पुढे बघितलं," आई म्हणाली, "तर माझी पोरगी पडलेली कुणाला दिसेल?"

भिंगरीचे डोळे भरून आले. आई बसणार असेल तर मी दोर धरते, असं ती हळूच म्हणाली. जावयाने पायाने खडूचे सोफे पुसून टाकले.

आम्ही पाण्यात उतरलो तो दिवस मी विसरणार नाही. भिंगरी पहिल्यांदा अडखळली, मग ताठ उभी राहिली आणि वळणावर धपकन पडली. "अहो जावईबापू, जरा ऐकता का," आई म्हणाली. इंजिनापुढे कोण ऐकतो? जावई आपला पुढे बघून मला पळवतोय. आईचा हात वर गेला आणि तसाच थांबला. जावयाला अहो-जाहो करणारी बाई ती, त्याला हात कसा लावणार? इकडे भिंगरीचं डोकं लहान लहान होत चाललं होतं आणि पलीकडून एक मोठी लाँच येत होती. माझा तर जीव टांगणीला लागला.

आणि मग बसल्या! जावयाच्या खांद्यावर सणसणीत दोन थापा. त्याने दचकून चाक वळवलं. लाँच पोचायच्या आत आम्ही भिंगरीपाशी होतो.

तिला वर घेतल्यावर आई ओशाळून म्हणाली, "लागलं का हो?"

"लागलं," जावई खांदा चोळत म्हणाला. "पण पुढच्या वेळी थांबू नका, आई. लगेच मारा."

आई हसली. तसं हसताना मी तिला घड्याळजींच्या शेजारीच पाहिलं होतं.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. खेळून झालं की मला कोरडी पुसा, तळातलं पाणी काढा, ताडपत्रीखाली वारा खेळू द्या. आणि जुनं काही दुरुस्त करायला घेतलंत, तर त्यात किती माणसं मावतील एवढंच बघू नका, तिथे पूर्वी कोण बसायचं तेही विचारा. घरात कुणी नुसतं "बरं" म्हणालं, तर खडू तिथेच खाली ठेवा.