ताईच्या पावलानं

ताई धाकटीपेक्षा दहा-पंधरा मिनिटांनीच मोठी. पण तेवढ्या भांडवलावर तिनं जन्मभर मोठेपण गाजवलं. दोघी जुळ्या, एका चेहऱ्याच्या. दोघींची लग्नं राहून गेली ती राहूनच गेली, आणि बाजारामागच्या गल्लीत दोघींनी कपडे दुरुस्तीचं दुकान थाटलं. ताई मापं घ्यायची, कापायची, गिऱ्हाइकाला झापायची. धाकटी मशीनवर बसायची आणि झापलेल्या गिऱ्हाइकाची समजूत काढायची. दुकान चाललं ते या समजूत काढण्यामुळे, असं धाकटीचं मत होतं. ते तिनं ताईला कधी सांगितलं नाही.

दोघींच्या पायाला भिंगरी होती. घरातून निघाल्या की अशा सुटायच्या की रस्त्यातली कुत्रीसुद्धा उठून बाजूला व्हायची. म्हणूनच साठी उलटल्यावर काही वर्षांनी ताईची चाल मंदावली, तेव्हा ते सगळ्यांत आधी धाकटीच्या लक्षात आलं. ताईचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते. पाऊल उचलण्याआधी ती क्षणभर अडायची, आणि अडल्याचं कुणाला कळू नये म्हणून समोरच्या दुकानातल्या मालाला नावं ठेवायची. त्यांची आईही शेवटी शेवटी अशीच पाय ओढत चालायची. आपण आईच्या वळणावर चाललोय, असं ताई एकदा म्हणाली आणि धाकटीच्या पायांकडे बघत राहिली. धाकटीला आपल्या धडधाकट पायांची लाज वाटली. त्या दिवसापासून ती ताईच्या पावलानं चालू लागली. ताईनं विचारलं तर गुडघा धरतो म्हणून सांगायची. गुडघ्याला काडीचंही झालं नव्हतं.

अशात मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलं. म्हातारपणी कुणी भरभर चालतं, कुणी रेंगाळतं. यात रक्ताचा वाटा किती आणि जगण्याचा किती, याचा तिथं शोध चालला होता, आणि त्यासाठी वयस्कर जुळी भावंडं हवी होती. ताई खूश झाली. तिनं ठेवणीतली साडी काढली आणि धाकटीलाही काढायला लावली.

इस्पितळाच्या लांब कॉरिडॉरमध्ये फरशीवर दोन रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. एकीपासून दुसरीपर्यंत नेहमीसारखं चालत जायचं, एवढंच काम. डॉक्टरबाई हातात घड्याळ घेऊन उभ्या होत्या. वयानं लहान आणि बोलायला गोड. आधी ताई चालली. धाकटी भिंतीकडेच्या खुर्चीवरून बघत होती. ताईनं ओठ आवळले होते, मान ताठ ठेवली होती, आणि तरी ते एवढंसं अंतर संपता संपत नव्हतं. पलीकडे पोचल्यावर तिनं वळून धाकटीकडे बघितलं. शाळेत गणितात नापास झाली की ती असंच बघायची.

मग धाकटी उठली आणि बरोब्बर ताईइतकीच हळू चालली. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईला समोरचा नमुना उतरवायला कितीसा त्रास पडणार? टाक्याला टाका लावावा तसं तिनं पावलाला पाऊल लावलं.

डॉक्टरबाईंनी दोघींचे आकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "खरं सांगू? ताईंना चालताना बघून मला जरा शंका आली होती," त्या म्हणाल्या. "एकट्या असत्या तर आजच मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. पण दोघींचं रक्त एक आणि चालही एक. म्हणजे हे घराण्यातूनच आलंय."

धाकटीनं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात ताई हसली. कित्येक महिन्यांत हसली नव्हती इतकं खळखळून हसली आणि तिचा हात धरून म्हणाली, "बघ, मी एकटीच म्हातारी झाले नाही."

धाकटीनं तोंड मिटलं. शहाण्यांनी तिला खुशाल नावं ठेवावीत. पण आधी आपल्या बहिणीला इतक्या दिवसांनी असं हसताना बघावं आणि मग बोलावं. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ताई कात्री चालवता चालवता गुणगुणत होती. मग ते परवावर गेलं, आणि पुढं हिंमतच होईना.

थंडी सरता सरता ताई दुकानाच्या पायरीवर कोसळली. आता मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यावंच लागलं. तिच्या डोक्यात पाणी साचत होतं, आणि ते आजकालचं नव्हतं. या दुखण्यात आधी पाय अडतात, मग विसर पडायला लागतो, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर आलं तर नळी घालून पाणी उतरवता येतं, माणूस पुन्हा चालू लागतं. त्यांनी एकीच्या चेहऱ्यावरून दुसरीच्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुम्ही जुळ्या ना? मग एक मागे पडतेय, हे कसं लक्षात नाही आलं?"

धाकटी वाकून ताईच्या अंगावरचं पांघरूण सारखं करू लागली.

नळी घातली, पण उशीर झाला होता. ताई अंथरुणातून उठली नाही. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग दिवस-वार गेले. एका दुपारी धाकटीनं तिच्या उशाशी बसून सगळं सांगून टाकलं. गुडघ्याचं खोटं, कॉरिडॉरमधलं चालणं, आपण बोललो असतो तर काय झालं असतं ते. सांगताना ती हमसून हमसून रडली. ताईनं निदान झापावं, पूर्वीसारखं चांगलं फैलावर घ्यावं, एवढीच तिची आशा होती. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग थांबलीस कशाला?" ती म्हणाली. "तू हो पुढं, दुकान उघड. मी येतेच मागून."

त्याच आठवड्यात ती गेली.

काही महिन्यांनी इस्पितळातून पुन्हा बोलावणं आलं, दोघींना. डॉक्टरबाई दारातच ताई कुठे म्हणून बघू लागल्या. कळल्यावर त्यांना वाईट वाटलं. आज राहू दे म्हणाल्या. पण धाकटीनं ऐकलं नाही. ती पट्टीवर उभी राहिली आणि निघाली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, समोरचं नीट दिसत नव्हतं, तरी ती तरातरा चालत गेली, जन्मभर चालत आली होती तशी.

बाईंनी घड्याळ बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पण मागच्या वेळी तुम्ही..."

"मागच्या वेळी ताई बघत होती," धाकटी म्हणाली.