साडूची चूक

थोरल्या साडूने धाकट्याचं पुस्तक खूण घातलेल्या पानावर उघडलं आणि माईक जवळ ओढला. वाचनालयाच्या सभागृहात संगणकाविषयी लिहिणारे दोन लेखक ओपन सोर्सचा, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या प्रोग्रामांचा, उगम कुठला, यावर वाद घालत होते. दोघे सख्ख्या बहिणींचे नवरे, हे संयोजकांनी हसत हसत सांगून टाकलं होतं. थोरल्याचं पुस्तक आधीचं. ते फार कुणी वाचलं नाही. धाकट्याच्या पुस्तकाची चौथी आवृत्ती निघाली होती. थोरल्याच्या पोटात दुखत होतं, आणि ते त्याला स्वतःलाही कळत होतं.

"प्रोग्राम एकमेकांना देणं जुनंच," धाकटा म्हणाला होता. "तो हक्क परवान्यात लिहून दिला, तिथून ओपन सोर्स."

"कागद मागाहून होतात हो, मूल आधी जन्मतं," थोरला म्हणाला. लोक हसले. "आणि तुम्ही तर जन्मसालच चुकवलंय. प्रोग्रामची पहिली टेप सोर्स कोडसकट, म्हणजे मूळ मजकुरासकट, वाटली ते साल तुम्ही एक वर्ष आधीचं दिलंय. टेपसोबत गेलेलं मूळ पत्र मी पाहिलंय."

धाकट्याने पुस्तक मागून घेतलं. पानाच्या तळाशी त्याची नजर जरा रेंगाळली. मग त्याने ते मिटलं.

"बरोबर आहे. चूक माझी. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो."

टाळ्या पडल्या. थोरल्याला कितीतरी दिवसांनी इतकं बरं वाटलं.

चहाच्या वेळी बायकोने तेच पान त्याच्यापुढे धरलं.

"अहो, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा."

तळटीप होती. सालाला आधार म्हणून थोरल्याचंच पुस्तक दिलं होतं, पृष्ठ एकेचाळीस. मूळ पत्र थोरल्याच्या हाती आलं ते स्वतःचं पुस्तक छापून झाल्यावर. चुकीचं साल आधी आपणच लिहिलं होतं, हे तो साफ विसरला होता.

"भाऊजींनी वाचलं असेल का हो हे?"

"वाचलं," तो म्हणाला आणि कप ठेवून धाकट्याकडे निघाला.

धाकटा पुस्तकांवर सह्या करत होता. समोरच्या शिक्षिकाबाई भारावून गेल्या होत्या.

"चूक इतक्या सरळ कबूल करणारा लेखक मी पहिल्यांदाच पाहिला."

धाकटा अवघडला. त्याने थोरल्याकडे पाहिलं. बाईही वळून पाहू लागल्या. थोरल्याच्या ओठांवर शब्द आले होते. पण खरं सांगितलं तर बाईंच्या नजरेत साडू आणखी मोठा होणार होता.

"पुढच्या वेळी नीट तपासून घ्या," तो म्हणाला.