तोफेवर आंब्याची पानं

खजुरीत पत्र्याच्या पेट्यांवर छाप ठेवून फुलं-पानं रंगवावीत ती गुरप्पानंच. पण जहागीरदारांचे सुभेदार उद्धवराव तोफ ओढायला म्हणून त्याची पांढरी बैलजोडी घेऊन गेले, तेव्हापासून त्याचं कामात लक्ष लागेना. बायको सिद्धव्वानं साफ सांगितलं होतं, बैलांशिवाय घरी यायचं नाही.

अठ्ठेचाळीस सालचा श्रावण. जहागिरीवर सोलापुराकडून हिंदी फौजेची विमानं येणार अशी आवई उठली होती. वरून तोफ दिसू नये म्हणून तिच्यावर हिरवे-मातकट डाग मारायचा हुकूम आला, आणि गुरप्पाला बोलावणं गेलं. काम झालं की बैल सोडा, एवढंच त्यानं मागितलं. उद्धवराव म्हणाले, बघू. त्यांच्या 'बघू'नं आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

गुरप्पानं वेडेवाकडे डाग मारायला घेतले तर सुभेदार खवळले. ही फौज आहे, गोधडी नव्हे. सगळं रांगेत पाहिजे. मग गुरप्पानं पेट्यांचा आंब्याच्या पानांचा छाप काढला आणि तोफेवर पानांच्या सरळ ओळी उठवल्या. नळीवर सुभेदारांच्याच हुकमानं त्यांचं नावही आलं, ठळक पांढऱ्या रंगात. तोफ रुखवतात मांडल्यासारखी दिसू लागली. उद्धवराव बुरुजावर चढले, डोळे बारीक केले आणि तोफ मुळीच दिसत नाही म्हणाले. दिसतात ते बैल. त्यांनाही रंगवून काढ.

गुरप्पाचा हात थांबला. कारहुणवीला, म्हणजे तिकडच्या बैलपोळ्याला, बैल रंगवायचे, हलगी वाजली की सोडायचे, आणि त्यांनी वेशीतून थेट घर गाठून पुरणपोळी खायची, हे या जोडीला वासरं असल्यापासून ठाऊक. त्यानं तसं सांगूनही पाहिलं.

"जनावराला काय कळतंय रे?" सुभेदार म्हणाले. "मार छाप."

गुरप्पानं मारला. मन लावून मारला. शिंगंसुद्धा सोडली नाहीत.

दुसऱ्या दिवशी जहागीरदार पाहणीला यायचे होते. रंगवलेलं काहीही दिसत नाही, अशी वर्दी सुभेदारांनी आधीच देऊन ठेवली होती. माळावर मोटार येताच स्वागताची हलगी कडाडली आणि बैलांनी कान टवकारले. पुढच्या क्षणी ते तोफेसकट वेशीत शिरले. मागे शिपाई, शिपायांमागे सुभेदार, त्यांच्यामागे मोटार, अशी ती वरात गुरप्पाच्या अंगणात येऊन थांबली. पुरणपोळी नव्हती, म्हणून सिद्धव्वानं गूळ आणला.

जहागीरदारांनी खाली उतरून विचारलं, हे बैल इथं कसे?

गुरप्पानं हात जोडले. "कोणचे बैल, सरकार? रंगवलेलं काई दिसत न्हाई. सुभेदारसाहेबांनी सोता बुरुजावरून बघितलंय."

जहागीरदारांनी सुभेदारांकडं पाहिलं. खरं बोलावं तर वर्दी खोटी ठरत होती, खोटं बोलावं तर बैल जात होते. बैल शांतपणे गूळ चाटत होते.

"न्हाईत दिसत, सरकार," उद्धवराव म्हणाले.

मग शिपायांनी जू सोडलं आणि ती न दिसणारी तोफ खांद्यानं ढकलत परत नेली. नळीवरचं नाव मात्र अख्ख्या खजुरीला दिसत होतं.