पासष्ट हजार पाचशे चौतीस

मित्रांनो, मी एक जुना ड्रायव्हर आहे. गाडी हाकणारा नव्हे. संगणकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, राहणारा थोडासा कोड. तापमान मोजणाऱ्या एका कार्डाचं म्हणणं संगणकाला कळवायचं, एवढंच माझं काम. ते कार्ड बनणं कधीच बंद झालं. मी मात्र स्वस्थ नाही. माझ्या हातून घडलेली एक गोष्ट मला अजून छळते.

जन्मतःच माझ्यात एक खोट होती. कार्डाकडून आलेला आकडा मी ज्या खान्यात ठेवायचो, त्यात उणे आकड्यांना जागाच नव्हती. मग उणे दोनचे पासष्ट हजार पाचशे चौतीस व्हायचे. बनवणाऱ्याच्या ते लक्षात आलं नाही आणि सोळा वर्षांत कुणी तक्रारही केली नाही.

यंदा हर्सूलच्या योगिनीनं मला उघडलं. घरी बसून, जगभरच्या लोकांबरोबर ती कर्नलची साफसफाई करते. माझी खोट तिला लगेच दिसली. पण मला दुरुस्त तरी कशाला करायचं, असा तिला प्रश्न पडला. हा ड्रायव्हर अजून कुणी वापरतं का, असं तिनं मेलवर सगळ्यांना विचारलं. महिनाभर कुणाचंच उत्तर आलं नाही. ते दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक.

तेवढ्यात तिच्या वडिलांनी, कडूबांनी, तिला शहागंजच्या बाजारात धाडलं. त्यांच्या चाळीस शेळ्यांना आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यांच्या जीवघेण्या रोगावरची, लस टोचायची होती. नानासाहेबांच्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात लसीचा मोठा फ्रीज होता. शेजारच्या स्क्रीनवर आकडा होता ६५५३४. योगिनी जागीच थबकली: त्या फ्रीजचं तापमान मीच सांगत होतो.

"काका, हा आकडा काय?"

"त्यो व्हय? पासष्ट हजार दिसलं की समजायचं, लई गार झालं. मग हे बटन उलटं फिरवायचं. लस गोठली की कामातून गेली." बोलता बोलता त्यांनी बटन फिरवलंसुद्धा. "तुझी लस परवा येईल."

घरी येऊन योगिनीनं मला काढायचा बेत सोडला. माझ्यातल्या कधीच न वापरल्या जाणाऱ्या ओळी तेवढ्या छाटल्या आणि तो खाना बदलला. नवा कर्नल दुकानातल्या संगणकात स्वतः जाऊन घातला. नानासाहेब गिऱ्हाइकात गुंतले होते. "काका, आता आकडा बरोबर येईल," एवढं सांगून ती निघाली. खूश होती बिचारी. मीही होतो.

लस आली. दुसऱ्या सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा उणे आकडा खरा सांगितला: -२. दोनच्या आधीची बारीक रेघ नानासाहेबांना काचेवरचा डाग वाटली. त्यांनी ती रुमालानं पुसून पाहिली. लस दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवायची, म्हणजे दोन ठीकच, असं म्हणून त्यांनी बटनाला हात लावला नाही. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मी तोच आकडा देत राहिलो. दुपारपर्यंत सगळ्या बाटल्या गोठल्या.

नवी लस यायला तीन आठवडे लागले. तोवर कडूबांच्या दोन गाभण शेळ्या आंत्रविषारानं दगावल्या.

"दादा, चूक माझी हाय," योगिनी वडिलांना म्हणाली.

"आकडा तर खरा व्हता नव्हं?" कडूबा म्हणाले. "मंग समजून सांगायचं तेवढं राह्यलं." आणि ते उठून उरलेल्या शेळ्यांकडे गेले.

हे सारं योगिनीनं माझ्या कोडच्या माथ्यावर टीप म्हणून लिहून ठेवलंय, म्हणून मला ठाऊक. मित्रांनो, जुना कोड जरूर काढा, चुकलेला दुरुस्त करा. उद्या माझी गरज संपली तर मलाही काढा. पण त्या कोडच्या आकड्यासमोर रोज उभं राहणाऱ्या माणसाकडे आधी जा, त्याला शेजारी घेऊन दाखवा, आणि त्याला कळलं का ते विचारा. सोळा वर्षं मी खोटं बोललो. त्या सोळा वर्षांत नानासाहेबांची एकही बाटली गोठली नव्हती.